साडेचार हजार अणूंचं कोठार

फेरिटिन हा शब्द अमरावतीकरांच्या तोंडी बसला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. कोरोना गेला असं देश म्हणत होता, तेव्हा दुसऱ्या लाटेची चाहूल आधी इथे लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी आली. नातेवाइकांचे रिपोर्ट मोबाइलवर फिरू लागले आणि त्यांत सीआरपी, डी-डायमर यांच्या जोडीला फेरिटिनचा आकडा असायचा. तो हजारावर गेला की घरात चलबिचल सुरू व्हायची. कोणी डॉक्टर भाच्याला फोन लावायचा, कोणी नागपूरला बेड शोधायचा. लाट ओसरली, शब्द राहिला. आता पन्नाशीतले काका चहा पितापिता सांगतात, ‘माझं फेरिटिन तेव्हा बाराशे होतं.’

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘साठवण’ हा विषय दिला. धान्य, पाणी, आठवणी यांवर लिहिणारे पुष्कळ असतील असं गृहीत धरून मी फेरिटिनच्या मागे लागलो. लोखंड साठवणारं हे प्रथिन माणसाच्या यकृतात आहे तसं सोयाबीनच्या दाण्यातही आहे. शिवाय गेली तीसेक वर्षं ते पदार्थविज्ञानातल्या एका वादाच्या मध्यभागी आहे. फेरिटिनच्या पोटातला लोखंडाचा कण म्हणजे अतिसूक्ष्म चुंबक. या चुंबकाची दिशा ऊर्जेचा अडथळा न चढता त्याच्या आरपार जाऊन उलटी होते का, हा तो वाद.

अमरावती आणि अकोल्यात हिंडताना एक गोष्ट वारंवार समोर आली. साठा किती, हे विचारून फारसं हाती लागत नाही. तो कोणत्या वाटेने आणि किती वेगाने सुटतो, हे विचारावं लागतं. तपासणी करणारा डॉक्टर, पिवळ्या पानाकडे पाहणारा शेतकरी आणि उणे २७३ अंशांच्या जवळपास प्रयोग करणारा शास्त्रज्ञ, तिघंही आपापल्या परीने हेच मोजत असतात.

रिपोर्टातला आकडा

अमरावतीत इर्विन चौकाच्या आसपास पॅथॉलॉजी लॅबच्या पाट्या एकीला लागून एक आहेत. सकाळी आठच्या आत बाकडी भरतात. चांदूरबाजार, दर्यापूर, अचलपूरहून पहिल्या एसटीने आलेली माणसं हातात चिठ्ठी धरून बसलेली असतात. रक्त काढून झालं की नळी सेंट्रिफ्यूजमध्ये जाते. काही मिनिटांनी ती बाहेर येते तेव्हा तांबड्या पेशी तळाला बसलेल्या असतात आणि वर फिकट पिवळा, निवळ द्रव उरतो. फेरिटिन मोजायचं ते या पिवळ्या द्रवात. यंत्राच्या आत फेरिटिनला नेमकं धरणारी प्रतिद्रव्यं असतात. त्यांना जोडलेलं रसायन प्रकाश देतं आणि जितका प्रकाश तितकं फेरिटिन, असा हिशेब मांडला जातो. इथे लोखंड मोजलंच जात नाही. रक्तात उतरलेल्या फेरिटिनमध्ये लोखंड जवळजवळ नसतंच. ती रिकामी कवचं असतात, पण त्यांच्या संख्येवरून आतल्या अवयवांतल्या साठ्याचा अंदाज बांधता येतो.

दर्यापूरकडच्या एका कॉलेजकन्येचा रिपोर्ट निघाला होता. हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन ९. तिने काउंटरवर विचारलं, ‘‘हिमोग्लोबिन तं बारा हाय, मंग मी थकते काहून?’’ प्रश्न अगदी रास्त होता. गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी हिमोग्लोबिनची सीमा १२ मानतात, म्हणजे ही मुलगी ‘पास’. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढ व्यक्तीचं फेरिटिन लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं की लोखंडाचा साठा संपला असं समजायचं. शरीर आधी कोठार रिकामं करतं आणि मगच रक्त पातळ होऊ देतं. नुसतं हिमोग्लोबिन पाहणाऱ्याला ही पहिली पायरी दिसत नाही.

प्रौढ माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोखंड असतं. त्यातलं बहुतेक तांबड्या पेशींत कामाला लागलेलं असतं. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत पुरुषाकडे ग्रॅमभरापर्यंत शिल्लक असते, स्त्रीकडे बरीच कमी. रोज बाहेर जातं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जुन्या पेशी मोडून वीसेक मिलिग्रॅम रोज नव्याने वापरलं जातं. व्यवहार इतका काटेकोर की पाळीतला रक्तस्राव, एखादं बाळंतपण, पोटातले जंत यांपैकी काहीही खात्याला ओढ लावायला पुरतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ही मोजणी हिमोग्लोबिनची. दर्यापूरच्या त्या मुलीसारख्या तिच्यात येतच नाहीत.

कोरोनातले हजारांचे आकडे याच चाचणीची दुसरी बाजू दाखवतात. अंगात दाह भडकला की शरीर लोखंड जंतूंच्या हाती लागू नये म्हणून आत कोंडून घेतं आणि फेरिटिनही जास्त बनवतं. तेव्हा काकांचं बाराशे म्हणजे लोखंडाची श्रीमंती नव्हती, आतल्या आगीची खूण होती. म्हणूनच ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन ‘चांगलं’ आलं तरी जाणता डॉक्टर त्यावर विसंबत नाही.

काळी माती, पिवळं पान

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या महामार्गाचा मोठा टप्पा जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर सलग डांबरीकरणाच्या गिनीज विक्रमासाठी बातम्यांत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, तूर आणि सोयाबीन. उत्तरेला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा पसरलेला. विहिरीचं पाणी खारट, जमीन काळी, खोल, चुनखडीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

ही जमीन ज्या बेसॉल्टपासून झाली त्यात लोहाच्या ऑक्साइडांचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असतं. म्हणजे शेतकरी अक्षरशः लोखंडावर उभा असतो. तरीही पावसाने उघडीप दिली नाही आणि रान वाफशावर आलं नाही की सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडू लागतात. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. शेतकरी म्हणतो, केवडा पडला. कारण लोखंडाची कमतरता. चुनखडीच्या, आम्ल-विम्ल निर्देशांक आठच्या वर असलेल्या जमिनीत लोखंड आपल्या ‘तीन धन’ रूपात गंजासारखं घट्ट बसतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सोयाबीनचं मूळ आम्ल सोडतं आणि लोखंडाला एक इलेक्ट्रॉन देऊन ‘दोन धन’ रूपात आणायला बघतं, तेवढंच त्याला शोषता येतं. पाणी साचलं की मातीत बायकार्बोनेट वाढतं आणि मुळाचे हे प्रयत्न फुकट जातात. म्हणून कृषी सहायक हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, सांगतात: अर्धा टक्का द्रावण, चुन्याची निवळी घालून, थेट पानावर. जमिनीत टाकलेलं हिराकस लवकरच त्या गंजात सामील होतं.

सोयाबीनने स्वतःची तजवीज मात्र आधीच केलेली असते. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रात सोयाबीनचे वाण तयार होतात, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. ‘एएमएस’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे वाण तिथलेच. ‘पीडीकेव्ही अंबा’ हा त्यांतला एक. यांपैकी कोणताही दाणा फोडला तर त्यातल्या लोखंडाचा मोठा वाटा फेरिटिनमध्ये बंद असतो. दाणा रुजला की कोठार उघडतं आणि रोपाला पहिली पानं हिरवी करण्यापुरतं लोखंड मिळतं. पुढे मुळांवर गाठी धरतात तेव्हा तिथेही आधी फेरिटिन साचतं. मग ते लोखंड नत्र बांधणाऱ्या यंत्रणेकडे आणि गाठीला आतून गुलाबी रंग देणाऱ्या लेगहिमोग्लोबिनकडे वळतं. रोप उपटून गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसली, तर नत्राचं काम चालू आहे असं समजायचं. हे सोयाबीन पिकवणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

कोठाराची बांधणी

घोड्याच्या प्लीहेतून फेरिटिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते व्हिलेम लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञाने, १९३७ मध्ये. त्याला विटकरी रंगाचं असं प्रथिन मिळालं ज्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा लोखंडाचा होता. सहा वर्षांनी अमेरिकेत मायकेलिस, कोरियेल आणि ग्रॅनिक यांनी त्याचं चुंबकत्व मोजलं आणि ते साध्या लोहक्षारांशी जुळेना. तो गुंता सुटायला पुढे बरीच वर्षं गेली.

रचना विलक्षण नेटकी आहे. प्रथिनाचे २४ तुकडे एकमेकांत बसून पोकळ गोळा तयार होतो. बाहेरून व्यास १२ नॅनोमीटर, आतली पोकळी ८ नॅनोमीटर. असे दहा लाख गोळे एका ओळीत लावले तर ओळ १२ मिलिमीटर भरेल. गोळ्याला तीन-तीन तुकडे भेटतात त्या जागी अरुंद वाटा आहेत, एकूण आठ. त्यांतून ‘दोन धन’ लोखंड आत शिरतं. आतल्या भिंतीवर त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो आणि ते ‘तीन धन’ होऊन फेरिहायड्राइट नावाच्या खनिजाच्या रूपात साचत जातं. हे गंजाचंच एक रूप. एका गोळ्यात जास्तीत जास्त साडेचार हजार अणू मावतात.

एवढा खटाटोप का, याचं उत्तर लोखंडाच्या स्वभावात आहे. मोकळं ‘दोन धन’ लोखंड पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की असे तीव्र कण तयार होतात की ते डीएनएपासून पेशीच्या पडद्यापर्यंत जे समोर येईल ते तोडतात. मोकळं ‘तीन धन’ लोखंड असलं, तर खारपाणपट्ट्यात होतं तेच होतं: ते विरघळत नाही, खाली बसतं, निरुपयोगी होतं. कवचाच्या आत गंज गंजच राहतो, पण गोळा म्हणून पाण्यात तरंगतो आणि लागेल तेव्हा उघडतो. वऱ्हाडच्या जमिनीला जी युक्ती साधलेली नाही, ती त्याच जमिनीतून उगवलेल्या दाण्याने साधली आहे.

भौतिकशास्त्रज्ञांना यात रस वाटला तो वेगळ्या कारणाने. प्रयोगशाळेत नॅनोकण बनवायचे तर लहानमोठे होतात आणि एकमेकांना चिकटतात. इथे जीवाने एका मापाची पोकळी करून ठेवली आहे आणि प्रत्येक कणाभोवती कवच घालून त्याला शेजाऱ्यापासून दूर ठेवलं आहे.

उरलेले तीनशे

अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेची सुरुवात १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून झाली. गावाच्या तोंडी ती अजून ‘व्हीएमव्ही’. कॅम्प भागात राहणाऱ्या भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. चहा येईपर्यंत त्यांनी टेबलावरची एक लग्नपत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बाण काढायला सुरुवात केली. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली.

लोखंडाचा प्रत्येक अणू बारीक चुंबक असतो. फेरिहायड्राइटमध्ये शेजारचे अणू एकमेकांच्या उलट तोंड करून बसतात, त्यामुळे चुंबकत्व आपसांत खलास होतं. रस्सीखेचीत दोन्हीकडे सारखी माणसं असली तर दोर जागचा हलत नाही, तसं. पण कण इतका लहान आहे की त्याच्या पृष्ठभागावर जोडी न जमलेले अणू बरेच राहतात. साडेचार हजार अणूंची एकजूट झाली असती तर चुंबकत्व बोर मॅग्नेटॉन या एककात वीस हजारांच्या वर गेलं असतं. प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास उरतं. हे तीनशे मिळून एका दिशेला तोंड करतात आणि सगळा गोळा एक छोटा चुंबक होतो.

या चुंबकाला दोन दिशा सोयीच्या असतात, एकमेकींच्या बरोबर उलट. मधे ऊर्जेचा अडथळा. उष्णतेच्या धक्क्याने चुंबक अडथळा चढतो आणि पलीकडे उतरतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी १९४९ मध्ये याचं गणित मांडलं. १९७० च्या नोबेलचे ते एक मानकरी. सरासरी किती वेळाने दिशा बदलेल हे अडथळा आणि तापमान यांच्या गुणोत्तरावर ठरतं, आणि तेही घातांकाने.

सरांनी आकडे घातले. फेरिटिनचा अडथळा तापमानाच्या भाषेत साधारण ३२० केल्विन धरा, म्हणजे अकोल्याच्या मे महिन्यातली दुपार. अडथळ्याला धडका देण्याचा मूळ ठेका एका सेकंदाचा दहा हजार कोटीवा भाग धरा. खोलीच्या तापमानाला हा चुंबक सेकंदाला तीन हजार कोटींहून जास्त वेळा उलटसुलट होईल. १० केल्विनला, म्हणजे उणे २६३ अंशांना, एकदा उलटायला जवळपास पाव तास लागेल. ६ केल्विनला सुमारे ४६ हजार वर्षं. द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला विश्वाच्या आजच्या वयाच्या हजारो पट. ‘‘तापमान निम्मं केलं तर वेळ दुप्पट होईल, असं पोरं सांगतात,’’ सर म्हणाले, ‘‘आणि घातांक म्हणजे काय ते इथे कळतं.’’ प्रयोगातही सुमारे १२ केल्विनच्या खाली फेरिटिनची दिशा गोठलेली दिसते.

शिथिल होण्याचा वेग

मापनाची पद्धत ऐकायला सोपी आहे. फेरिटिन चुंबकीय क्षेत्रात ठेवून थंड करायचं म्हणजे सगळे गोळे एका दिशेला गोठतात. मग क्षेत्र बंद करायचं आणि ‘स्क्विड’ नावाच्या अतिसंवाहक उपकरणाने उरलेलं चुंबकत्व तासन्‌तास मोजत राहायचं. ते हळूहळू कमी होतं. यालाच चुंबकीय शिथिलीकरण म्हणतात. साठवलेली दिशा गळते आहे, आणि गळतीचा वेग हाच सगळ्या वादाचा पुरावा.

गळती सरळ घातांकाने होत नाही. सगळी कवचं सारखी असली तरी सगळी सारखी भरलेली नसतात. कोणात हजार अणू, कोणात चार हजार. लहान कण आधी सुटतात, मोठे मागे राहतात आणि एकूण आलेख वेळेच्या लॉगॅरिदमप्रमाणे उतरतो. या उताराला चुंबकीय चिकटपणा म्हणतात. सगळं उष्णतेनेच होत असेल तर तापमान खाली नेताना हा उतार त्याच प्रमाणात कमी व्हायला हवा आणि शून्य केल्विनला शून्यावर पोचायला हवा.

पुंजभौतिकी इथे आडवी येते. इलेक्ट्रॉन अडथळ्याच्या आरपार जातो हे सगळ्यांनी शाळा-कॉलेजात वाचलेलं असतं. हजारो अणूंच्या एकत्रित दिशेलाही ते जमेल का? १९९० च्या सुमारास सिद्धांतकारांनी दाखवलं की जमलंच तर फेरिटिनसारख्या, उलटसुलट बाण असलेल्या कणांत ते जास्त सहज जमेल. मग उतार कमी होत होत एका तापमानाला थांबेल आणि पुढे कितीही गार केलं तरी तेवढाच राहील. बार्सिलोनाच्या हावियेर तेहादा यांच्या गटाला काही केल्विनच्या खाली असाच सपाट भाग दिसला.

त्याआधीच, १९९२ मध्ये, डेव्हिड ऑशलोम, स्मिथ, ग्रिन्स्टाइन, डिव्हिन्चेन्झो आणि लॉस यांनी जास्त धाडसी दावा केला होता. पृथ्वीच्या चुंबकत्वापासून आडोसा करून, घोड्याचं फेरिटिन ०.२ केल्विनच्याही खाली नेऊन त्यांना एका ठरावीक कंपनसंख्येला ऊर्जा शोषली जाताना दिसली, सेकंदाला दहा लाखांच्या थोडी खाली. त्यांचं म्हणणं असं की चुंबक एकदाच आरपार जाऊन थांबत नाही, तो दोन्ही दिशांमध्ये तालात ये-जा करतो. १९९५ मध्ये गिडर आणि सहकाऱ्यांनी कवचात हवे तेवढेच अणू भरून दाखवलं की कण लहान केला तर ही कंपनसंख्या वाढते, आणि घातांकानेच.

हरकत घेतली ती नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अनुपम गर्ग यांनी. निसर्गातल्या लोखंडात सुमारे २.१ टक्के अणू ‘लोह-५७’ असतात आणि त्यांच्या केंद्रकाला स्वतःचं बारीक चुंबकत्व असतं. भरलेल्या कोठारात असे अणू नव्वदीच्या घरात. मोठा चुंबक उलटला की या प्रत्येकाच्या दृष्टीने दोन्ही दिशांची ऊर्जा सारखी राहत नाही, आणि तालबद्ध ये-जा करण्यासाठी ती तंतोतंत सारखी लागते. शिवाय नोंदवलेलं शोषण गणितात बसण्यापेक्षा फार मोठं आहे, असं गर्ग यांनी मांडलं. उत्तर-प्रत्युत्तरं चालली. १९९७ मध्ये तेहादा गटाने शून्य क्षेत्राजवळ गळती वाढते, म्हणजे आरपार जाण्याला अनुनाद मिळतो, असं छापलं. २००२ मध्ये जपानच्या मामिया आणि सहकाऱ्यांनी तीच मोजणी जपून केली आणि त्यांना उष्णतेचं जुनं स्पष्टीकरण पुरेसं वाटलं.

दरम्यान हाच परिणाम दुसरीकडे निर्विवाद दिसला. १२ मँगनीज अणूंच्या एका रेणूच्या स्फटिकात १९९६ मध्ये फ्रीडमन, साराचिक, तेहादा आणि झिओलो यांना चुंबकत्वाचा आलेख पायऱ्यापायऱ्यांनी उतरताना मिळाला. प्रत्येक पायरीवर दिशा आरपार गेलेली. तिथे सगळे रेणू अणूअणूने सारखे आहेत. फेरिटिनची भरणी कमी-जास्त, म्हणून पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात. ज्या नैसर्गिक नेटकेपणामुळे हे प्रथिन निवडलं, तो नेटकेपणा कवचात आहे, मालात नाही.

या साऱ्याचे धागे मात्र दूर गेले. १९९२ च्या निबंधातले डिव्हिन्चेन्झो आणि लॉस यांनीच १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर चालणाऱ्या क्वांटम संगणकाची कल्पना मांडली. आणि हाताळता येईल एवढ्या मोठ्या विद्युतमंडलात आरपार जाणं दाखवल्याबद्दल २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं. त्यांच्या १९८० च्या दशकातल्या पुराव्याचा गाभाही हाच: गार करत गेल्यावर सुटण्याचा वेग एका मर्यादेनंतर कमी व्हायचा थांबतो.

अंगातला चुंबक आणि लॉकेटवाले

‘क्वांटम’ हा शब्द हल्ली गळ्यातही मिळतो. ‘क्वांटम एनर्जी’ची लॉकेटं विकणाऱ्यांना रक्तातल्या लोखंडात चुंबक असतो हे कळलं तर त्यांचा धंदा दुपटीने चालेल, म्हणून सांगायला हवं: ३७ अंशांना तो चुंबक सेकंदाला हजारो कोटी वेळा उलटतो. त्याची कोणतीही दिशा टिकत नाही. ज्या आरपार जाण्यावर भांडण आहे ते उणे २७० अंशांच्या खालचं आहे.

शरीरातल्या फेरिटिनच्या चुंबकत्वाचा खरा उपयोग एमआरआयमध्ये होतो. हे भिरभिरणारे चुंबक शेजारच्या पाण्यातल्या हायड्रोजनची लय बिघडवतात, त्यामुळे लोखंड साचलेलं यकृत चित्रात काळं दिसतं. किती लवकर काळं होतं यावरून साठा मोजता येतो. विदर्भात याची गरज आहे. सिकलसेलची नोंद मध्य भारतातून १९५८ मध्येच झाली होती, आणि थॅलेसेमियाची मुलंही अमरावती-अकोल्यात रक्त चढवायला येतात. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोखंड अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही. दर्यापूरच्या मुलीचं कोठार रिकामं, तर या मुलांचं ओसंडून वाहणारं. मग औषध देऊन लोखंड बांधून बाहेर काढावं लागतं. दोघांच्या रिपोर्टात शब्द तोच, फेरिटिन.

सोयाबीनचा प्रश्न

अशा मोजणीला लागणाऱ्या थंडीची महाराष्ट्रात कमतरता नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ०.५३ मिलिकेल्विनला बिस्मथ अतिसंवाहक होतो हे दाखवलं गेलं. ते संशोधन २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं. वऱ्हाडाला त्याहून जवळचं ठिकाण म्हणजे इंदूर. तिथल्या यूजीसी-डीएई संशोधन संघाची स्थापनाच विद्यापीठांतल्या संशोधकांना महागडी उपकरणं वापरता यावीत म्हणून झाली. हेलियमच्या तापमानाला चालणारी चुंबकमापकं तिथे आहेत आणि लोह-५७ वरच चालणारी मॉसबाउअर यंत्रणाही. अकोल्याहून खांडव्यामार्गे तिकडे मीटरगेज गाडी जायची. मेळघाटातून जाणाऱ्या त्या मार्गाचं रुंदीकरण वाघांच्या वाटेवरून अडलं. पण ट्रॅव्हल्सने नमुना पोचतो.

मोजण्यासारखं काही उरलंय का? आहे. या वादातली बहुतेक मोजणी घोड्याच्या प्लीहेतल्या फेरिटिनवर झाली, कारण ते बाटलीत विकत मिळतं. वनस्पतीचं फेरिटिन वेगळं आहे. वाटाण्याच्या दाण्यातला गाभा तपासला तेव्हा त्यात फॉस्फेट भरपूर आणि स्फटिकाची शिस्त नाही, असं आढळलं. अशा गाभ्यात बाण एकमेकांच्या उलट रांगेत लागायला जास्त थंडी लागते, अडथळाही वेगळा पडतो. तेव्हा घोड्याचे आकडे सोयाबीनला जसेच्या तसे चालणार नाहीत.

अमरावती किंवा अकोल्यातल्या एखाद्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला हे करायचं तर कच्चा माल बाजार समितीत पोत्यांनी पडलेला आहे. दाणे भिजवायचे, वाटायचे, पंचावन्न अंशांपर्यंत तापवून इतर प्रथिनं साकळू द्यायची आणि तग धरून राहणारं फेरिटिन वेगळं काढायचं. पण सपाट आलेख मिळाला की ‘क्वांटम सापडला’ म्हणून पेढे वाटायचे नाहीत, एवढं या तीस वर्षांच्या वादाने शिकवलं आहे. कोठार किती भरलंय हे बदलून, प्रत्येक भरणीला गळतीचा वेग पुन्हा मोजावा लागेल. आरपार जाण्याचा वेग कणाच्या आकारावर घातांकाने अवलंबून असतो. तो नेमका तसा बदलला तरच दावा टिकेल, नाहीतर लहानमोठ्या कणांच्या भेसळीने केलेली फसवणूक म्हणून तो मागे घ्यावा लागेल.